नळीवरची पाच बोटं

गोरक्ष: नाही नाही, सावळीरामभाऊ, ही ती बंदूक नाही. आठ दिवसांमागं तुम्ही माझ्या ह्या काउंटरवर ठेवली होती ती वेगळी. ही कुठून उचलून आणली?

सावळीराम: तीच हाय गोरक्षशेठ. बघा की नीट. दस्त्याला तीच चीर हाय, आमच्या म्हाताऱ्यानं तांब्याची तार गुंडाळलेली.

गोरक्ष: दस्ता बघितला मी. नळीचं विचारतोय. नळी अशी स्टीलच्या पेल्यासारखी कशी झाली?

जीवन: ते मी केलं काका. मी जीवन, यांचा मुलगा. अंबडला बफिंगचं, धातू चकाकवायचं काम करतो.

गोरक्ष: तू केलंस.

जीवन: आज खंडेनवमी ना. काल आमच्या वर्कशॉपला सगळी मशिनं धुतली, पाने-पकडी घासल्या, पूजेला मांडायच्या म्हणून. म्हटलं आजोबांच्या बंदुकीची नळीपण होऊन जाऊ दे. पोत्यात गुंडाळून नेली. आधी एमरी मारली, मग व्हीलवर घेतली, मग कंपाउंड लावून फिरवली. मिरर फिनिश आहे. तोंड दिसतं बघा त्यात.

गोरक्ष: दिसतं ना तोंड? बघ मग. नीट बघून घे तुझं तोंड.

जीवन: काय झालं काका?

सावळीराम: शेठ, तुम्ही म्हणला होता हात लावू नका, मला ध्यानात हाय. पण मी काल दवाखान्यात होतो बायकोसंगं, मशीनवर लावायचा दिवस होता तिचा. ह्याला काय म्हाईत? आता झालं ते झालं. अन् वाईट कुठं दिसतीया? चकचकीतच हाय की. वकीलसाहेबांना आवडंल उलट.

गोरक्ष: भाऊ, तांब्याचा हंडा आहे का हा, चिंच लावून घासायला? वकीलसाहेबांना काय आवडायचं होतं ते मी तुम्हाला घसा फोडून सांगितलं होतं.

जीवन: कोण वकीलसाहेब? आप्पा, बंदूक कोणाला दाखवताय तुम्ही?

सावळीराम: तू गप ऱ्हा जरा.

जीवन: गप काय? मला तुम्ही म्हणालात चल, गोरक्षशेठच्या दुकानात जाऊ, बंदूक तपासून आणू. विकताय का?

गोरक्ष: घ्या. पोराला सांगितलंच नाही तुम्ही. वा, भाऊ, वा!

सावळीराम: सांगणार होतो. झाल्यावर.

गोरक्ष: ऐक रे बाबा, मीच सांगतो. तुझे वडील कंपनीच्या गेटवर बंदूकवाले म्हणून उभे असतात, बरोबर? दसरा झाला की एजन्सीचा साहेब येणार, एकेकाची बंदूक बघणार, नंबर लायसनशी ताडून बघणार. गंजलेली दिसली की त्या माणसाला घरी पाठवणार. आठ दिवसांमागं ही नळी माझ्याकडं आली तेव्हा अशी गंजली होती की मी हात जोडले. म्हटलं ह्यातून बार काढू नका, हातात फुटेल.

सावळीराम: बार कोण काढतोय हो? मागच्या सिंहस्थाच्या आधीपासनं उभा हाय मी त्या गेटवर. एक काडतूस फोडलं नाय. बंदूक दिसली पायजे, एवढंच काम तिचं.

गोरक्ष: ते असू दे. तर मी बसलो विचार करत. आणि मला आठवले गंगापूर रोडचे वकीलसाहेब. जुन्या बंदुकांचे वेडे. घरात भिंतीला लावायला नाही हं, लायसनवर घेतात, तेल देतात, लेकरासारखी ठेवतात. त्यांना फोन केला, विलायती नळी आहे म्हणून सांगितलं. ते म्हणाले, बनवणाऱ्याचं नाव शाबूत आहे का? म्हटलं आहे, गंजाखाली आहे पण बोटाला लागतं. ते म्हणाले, मग घासू नका, तशीच आणा. मी माझी चालू एकनळी देतो बदल्यात. बदल्यात! कळलं का? पैसा नाही, काही नाही. यांना धडधाकट बंदूक, त्यांना म्हातारी. लायसनवर बंदूक बदलायच्या अर्जाचा कागद साहेबाला दाखवला असता की नोकरी पक्की. साडेअकराला यायचेत ते. आत्ता अकरा वाजलेत.

जीवन: पण गंज काढला तर चांगलंच झालं ना? गंजलेल्या मालाला कोण विचारतं? आमच्याकडं पार्टला ठिपका दिसला तरी रिजेक्ट करतात.

गोरक्ष: पार्ट उद्या दुसरा बनतो बाबा. ही परत बनणार आहे का? हे बघ. गंज दोन तऱ्हेचा. वरचा लाल असतो, भुरभुरीत, तो खातो लोखंडाला. तो तेलात भिजवून, तांब्याच्या पैशानं हळूहळू खरवडून काढायचा. पंधरा दिवस लागले तर लागू द्यायचे. त्याच्याखाली तपकिरी रंग असतो, कातडीसारखा घट्ट. तो म्हणजे तिचं वय. तो नळीला राखतो. शौकीन माणूस त्याच्यासाठी जीव टाकतो. तू दोन्ही काढलेस. वर लोखंडपण काढलंस थोडं. आता ही ना जुनी राहिली ना नवी झाली. करायला गेलो गणपती, झाला मारुती!

जीवन: मला कुणी सांगितलं असतं तर मी हात लावला असता का? आप्पा, का नाही सांगितलंत?

सावळीराम: तू म्हणला असता आज्जाची बंदूक देऊ नका. मळा गेला, बैलं गेली, तेवढीच ऱ्हायली म्हणून तूच नाय का म्हणत? तुझ्याशी भांडायचं बळ नव्हतं रं माझ्यात. दिवसभर गेट, अन् एक दिवसाआड तुझ्या आईला घेऊन दवाखाना. म्हटलं गुपचूप बदलून घिऊ. लांबून बंदूक ती बंदूक, कोणाला कळतंय?

जीवन: मी नसतो म्हणालो. आईसाठी असतं तर मी नसतो म्हणालो.

सावळीराम: बरं. चुकलं माझं. शेठ, त्यांना येऊ द्या तरी वकीलसाहेबांना. मी पाया पडतो त्यांच्या. चकाकी काय, घाम लागला की दोन पावसाळ्यात जाती. पुन्यांदा गंजंल की ती.

गोरक्ष: चष्मा द्या तो माझा. तिथं, काडतुसांच्या डब्यामागं. हां. नळी इकडं करा, उजेडात.

सावळीराम: काय बघताय?

गोरक्ष: थांबा.

जीवन: काका?

गोरक्ष: थांब म्हटलं ना! अरे देवा... भाऊ, नंबर कुठाय?

सावळीराम: आसंल की. डाव्या अंगाला, चापाच्या वर चार बोटं.

गोरक्ष: तिथंच बघतोय. दोन्ही अंगांना बघितलं. बनवणाऱ्याचं नाव गेलं ते गेलंच, पण नंबर? अरे, तू नंबरावरून चाक फिरवलंस?

जीवन: मला दिसलाच नाही. सगळा गंज होता तिथं, पापुद्रे आले होते. तिथंच तर जास्त घासावं लागलं. खड्डे जात नव्हते.

गोरक्ष: गंजानं नंबर खाल्ला नव्हता रे! झाकला होता नुसता! अर्धे आकडे माझ्या नखाला लागत होते त्या दिवशी!

सावळीराम: दुसरीकडं नसतो का कुठं? मधल्या खटक्यावर?

गोरक्ष: असतो. पण तुमच्या वडिलांनी खटका बदलून घेतला होता कधीतरी, तो कोरा आहे. मी त्याच दिवशी बघून ठेवलं होतं. नळीवर काय तो होता.

सावळीराम: मला पाठ हाय नंबर. तोंडपाठ हाय. झोपेतनं उठवा, सांगतो.

गोरक्ष: तुम्हाला पाठ असून काय उपयोग? बंदुकीला पाठ पाहिजे. भाऊ, दार ओढून घ्या ते. पुरं ओढा. आता मी काय सांगतो ते दोघांनी कान देऊन ऐका. नंबर खोडलेली बंदूक ज्याच्या हातात, तो गुन्हेगार. का खोडला, कोणी खोडला, कोणी विचारत नाही आधी. तुमच्या लायसनवर जी बंदूक आहे ती आता जगात नाही. आणि ही जी आहे ती कोणाचीच नाही. माझ्या दुकानात ही एक घटकासुद्धा नको. मी वकीलसाहेबांना फोन लावतो, येऊ नका म्हणतो.

सावळीराम: नका लावू! शेठ, नका लावू फोन. जरा दम खा. पाया पडू का तुमच्या?

गोरक्ष: अहो, उठा! उठा भाऊ, हे काय! तुमच्यापेक्षा लहान आहे मी. सणाच्या दिवशी पाप नका चढवू माझ्या डोक्यावर.

सावळीराम: तुम्हाला कळत नाय शेठ. नोकरी गेली तर मी काठी घिऊन कुठंबी उभा राहीन. मला पगाराचं काय नाय. कार्ड जातंय. ईएसआयचं कार्ड. त्या कार्डावर बायडाबाईला मशीनवर घेत्यात, रक्त धुवून देत्यात तिचं. एक खेप चुकली तरी ती फुगती, तोंड बघवत नाय. श्वास मिळत नाय तिला. काठीवाल्या वॉचमनला ठेवतो म्हणलेत एकजण, पण कार्ड नाय देत. कोणीच नाय देत साठीच्या माणसाला.

गोरक्ष: आणि ह्याचं कार्ड?

जीवन: आमचं सहा जणांचं वर्कशॉप आहे काका. आम्हाला कुठलं कार्ड? आईचं सगळं आप्पांच्याच कार्डावर चालतं.

सावळीराम: कार्ड लगीच नाय बंद व्हनार, चालंल दोन-चार महिने. मग? मग मी तिला काय सांगू? आजपासनं रक्त घरी धुवू म्हणू?

गोरक्ष: मी काय बोलू भाऊ? दैव देतं अन् कर्म नेतं, दुसरं काय! पण मला एक सांगा, मला त्या दिवसापासून कोडं आहे. तुम्ही तेल देणारा माणूस. दस्त्याला तेल, तोंडाला तेल, आतून तर आरशासारखी ठेवलीये तुम्ही. मग त्या एका जागी गंज एवढा खोल कसा गेला? पाच ठिकाणी. आताही बघा, ह्या पठ्ठ्यानं एवढं घासलं, नंबर गेला, नाव गेलं, पण हे पाच खड्डे हटले नाहीत. वाटोळे, ओळीनं. चार वर आणि एक खाली.

सावळीराम: तिथं मी तेल नव्हतो लावत.

गोरक्ष: का?

सावळीराम: तिथं कुंकू असायचं.

गोरक्ष: कसलं कुंकू?

सावळीराम: पूजेचं. खंडेनवमीला बायडाबाई पाच बोटं ओढती नळीवर. ओलं कुंकू, हळद. लगीन झाल्यापासनं ओढती. आमच्या म्हाताऱ्यानं सांगून ठेवलं होतं, घरच्या लक्ष्मीची बोटं पुसायची नायत, जातील तवा जातील. मी मग बोटं सोडून तेल लावायचो. फडकं बी बोटं सोडून फिरवायचो. अन् वरून खोळ.

गोरक्ष: खोळ कसली?

सावळीराम: तिनंच शिवलेली. गोधडीची. साहेब लोकांच्या गाड्या येत्यात गेटवर, उघडी बंदूक बरी नाय दिसत.

गोरक्ष: म्हणजे गोधडीची खोळ, पावसाळाभर ओली, आणि आत ओलं कुंकू. अहो भाऊ... लोखंडाला ते मीठच की. पाऊस परवडला, कुंकू नाही. तो वाळतो तरी.

सावळीराम: मला काय म्हाईत! आमच्या म्हाताऱ्याच्या वेळंला बंदूक मळ्यातल्या खोपटात टांगलेली असायची, चुलीच्या वर. धुरानं कोरडी ठाक. त्याला काय नाय झालं. मीच तिला पावसात घिऊन उभा राहिलो.

जीवन: म्हणजे आईच्या बोटांनी...

सावळीराम: हे घरात बोलायचं नाय. कळलं का? जीव गेला तरी बोलायचं नाय. ती आधीच म्हणत असती, माझ्यापायी तुम्ही झिजताय, माझ्यापायी पोराचं काय धड नाय झालं. हे कळलं ना, ती मशीनवर जायचीच नाय पुन्यांदा. मी ओळखतो तिला.

जीवन: आप्पा, ऐका. मी एक बोलू? काका, तुम्हीपण ऐका. आमच्याकडं पंचचा सेट आहे. आकड्यांचा. मी रोज मारतो पार्टांवर. आप्पांना नंबर पाठ आहे. दुपारी वर्कशॉपला पूजा आटपली की कोणी नसतं. एका ठोक्याला एक आकडा. वरून थोडं ॲसिड लावतो, जुना दिसेल. साहेब काय, पंचनामा करायला येणार आहे का? बघेल, टिकमार्क करेल, जाईल.

गोरक्ष: हे मी ऐकलं नाही. तू बोललाच नाहीस.

सावळीराम: जमंल का पण?

गोरक्ष: भाऊ!

सावळीराम: मी त्याला विचारतोय. जमंल का रं? सरळ येतील का आकडे?

जीवन: येतील आप्पा. मी जिगमध्ये घट्ट धरून मारतो, हलत नाही.

सावळीराम: मग मार. चल. आत्ताच चल.

गोरक्ष: बसा खाली. बसा म्हणतो ना! आगीतनं निघून फुफाट्यात चालला तुम्ही. आत्ता जे झालंय ते अडाणीपणानं झालंय, त्याला कोणीतरी माणूस म्हणून माफ करेल. पंच मारलात की ते ठरवून केलेलं. तो साहेब माजी फौजी आहे, मी ओळखतो त्याला. माझ्याकडंच येतो सगळ्यांच्या बंदुका दाखवायला. नवा आकडा आणि जुना आकडा त्याला अंधारात बोटानं कळतो. आणि मला विचारलं तर मी काय सांगू? माझं दुकानाचं लायसन आहे, माझ्या घरात पण माणसं आहेत.

सावळीराम: तुम्ही काय सांगू नका. तुम्ही बघितलंच नाय म्हणा.

गोरक्ष: आणि पकडलं तर पंच कोणी मारला म्हणून विचारतील. तुम्ही मारला म्हणाल? तुमचे हात बघा. पंच कधी धरलाय त्यांनी? ते सरळ अंबडला जातील, सहा माणसांच्या वर्कशॉपला. पंच कोणाकडं आहे? ह्याच्याकडं. आत कोण जाईल? हा जाईल.

जीवन: जाऊ दे. मी जातो आत. मला चालेल. आई मशीनवर राहील ना पण? तेवढं बघा तुम्ही, मी जातो.

गोरक्ष: बाप पकडला गेल्यावर कुठली नोकरी आणि कुठलं कार्ड, राजा? नोकरी तरीही जाणार. वर पोरगा जाणार. मग त्या माउलीला दवाखान्यात धरून न्यायला कोण राहील?

सावळीराम: आणि मी ह्याला मार म्हणलो. शेठ, मी आत्ता ह्याला मार म्हणलो ना?

गोरक्ष: म्हणालात.

सावळीराम: जीव कासावीस झाला की माणूस काय बोलंल... तिला जगवायला पोराला आत घालायला निघालो होतो मी. बापाला लाज वाटावी अशी गोष्ट.

जीवन: आप्पा, मीच मारलं आईला. मी काल ते चाक फिरवत होतो आणि मनात म्हणत होतो, आई खूश होईल. तिला सणाला नीट उभं राहता येत नाही, निदान बंदूक तरी छान दिसेल. गाणी म्हणत होतो मी.

सावळीराम: गप. कोणी मारलं नाय कोणाला. ती जित्ती हाय, घरी ताट करून बसलीया. रडू नको. शेठपुढं रडतो का असा?

गोरक्ष: रडू द्या. घे रे पाणी घे. भाऊ, आता माझं ऐकणार का?

सावळीराम: सांगा.

गोरक्ष: लायसन घ्या, बंदूक घ्या, आणि स्वतःच्या पायानं ठाण्यात जा. आजच. झालं ते सगळं सांगा. गंज होता, घासली, नंबर गेला. स्वतःहून गेलात तर ऐकून तरी घेतील. कोणी धरून नेलं तर चोरासारखे उभे राहाल. वकीलसाहेबांना येऊ नका म्हणून कळवतो आणि मी येतो तुमच्याबरोबर. मी सांगतो की आठ दिवसांमागं नंबर होता, माझ्या हाताला लागलेला आहे. तेवढं माझ्यानं होईल.

सावळीराम: बंदूक ठिवून घेतील?

गोरक्ष: ठेवून घेतील.

सावळीराम: परत?

गोरक्ष: खोटं कशाला बोलू? मला नाही वाटत परत मिळेल.

सावळीराम: आणि घासली कोणी म्हणून विचारतील.

जीवन: मी सांगेन.

सावळीराम: मी घासली. शेठ, तुम्ही बी हेच सांगायचं. म्हाताऱ्यानं घासली, खंडेनवमी म्हणून.

जीवन: आप्पा, तुमच्या हातानं असं फिनिश येत नाही. कोणालापण कळेल.

सावळीराम: पोलिसाला फिनिश कळत नसतं. सगळे काय तुझ्या वर्कशॉपला येत नायत. आणि बाकीचं मी बघतो. कार्डाचं पण बघतो. साहेबाच्या घरी जाऊन बसतो. काठी द्या पण कार्ड ठिवा म्हणतो. झाडायला लावा म्हणतो, संडास धुवायला लावा. माणूस हाय, ऐकंल. नाय ऐकलं तर दुसऱ्या एजन्सीकडं. ह्या नाशकात अंबड हाय, सातपूर हाय, एक तरी माणूस ठिवंल मला.

गोरक्ष: मी पण सांगून ठेवतो चार ठिकाणी. शब्द देत नाही.

सावळीराम: तेवढं बोललात तेवढं पुरं. फक्त एक करा. ठाण्यात अर्ध्या तासानं जाऊ. आधी घरी जाऊन येतो.

गोरक्ष: आता घरी कशाला? वाटेत कोणी अडवलं म्हणजे?

सावळीराम: ती ताट घिऊन बसलीया शेठ. बंदूक आली नाय तर ती जेवायची नाय. उपाशी तिला चालत नाय.

(घर. सावळीराम, त्याची बायको बायडाबाई, आणि दारात उभा जीवन.)

बायडाबाई: आलात व्हय? मला वाटलं आज बी तिला घिऊन ड्युटीवर गेलात. बारा महिने सवत तुमच्या खांद्यावर, एक दिस तरी माझ्यापुढं बसवा म्हटलं तिला.

सावळीराम: आणली बघ. उठू नको. बसून कर.

बायडाबाई: बसूनच करते. उठतंय कुठं आता मला? कुंकू कालवायला पळीभर पाणी मागितलं तर आपली सून रूपाली धावत आली, आत्याबाई, पिऊ नका पाणी, डॉक्टर रागावतील. म्हटलं अगं, मी नाय पीत, बंदुकीला पाजते. हसली मग. काढा ती गोणपाटातनं... अगं बया! ही काय आपली? ही तर लगीनघरची समई दिसती!

सावळीराम: जीवननं केली. काल. तुझ्यासाठी.

बायडाबाई: खरं का रं? ये की पुढं, दारात काय पाहुण्यावानी उभा? तोंड का असं उतरलंय त्याचं? बोललात का काय त्याला?

जीवन: आई, मी...

सावळीराम: जीवन, उदबत्ती लाव. काड्या तिथं फळीवर हायेत.

बायडाबाई: बोललातच तुम्ही. सणाच्या दिवशी. त्याला चांगली झाली म्हणून सांगितलं का?

सावळीराम: सांगतो. चांगली झाली रं जीवन. तोंड दिसतंय त्यात.

बायडाबाई: माझं बी दिसतंय. शी, किती सुजलंय बघा. बघू नका. इकडं करा नळी, डावी बाजू. हां, इथंच असतं माझं. अगं बाई, हे काय? खड्डे हायेत इथं. बोटं कशी नेमकी बसत्यात हो! पाचीच्या पाची.

सावळीराम: जुने हायेत. गंजाखाली दिसत नव्हते.

बायडाबाई: माझ्या कुंकवानं तर नाय ना झाले?

सावळीराम: तुझ्या कुंकवानं? काय बी! पावसानं झाले. गेटवर कसला पाऊस असतो तुला काय म्हाईत. लोखंडच हाय ते.

बायडाबाई: शपथ?

सावळीराम: खंडेनवमीला खोटं बोलू का तुझ्याशी?

बायडाबाई: बरं बाई. मग ओढते. हे एक... आणि हे खालचं. आई भवानी, ह्यांना उन्हापावसात राख. माझं काय व्हायचं ते होऊ दे. पुसू नका हं.

सावळीराम: मी कधी पुसलंय?

बायडाबाई: आता जेवायला बसा. पुरणाचं नाय जमलं, रूपालीनं शिरा केलाय. आज सुट्टी हाय ना तुम्हाला, मग पायात वहाणा का अजून?

सावळीराम: जरा ठाण्यात जाऊन येतो. जमा करायची हाय बंदूक. गोरक्षशेठ थांबलेत कोपऱ्यावर. तू जेवून घे.

बायडाबाई: इलेक्शन हाय का? तवाच जमा करून घेत्यात ना बंदुका?

सावळीराम: हां. तसंच काहीतरी.

बायडाबाई: मेली ती इलेक्शनं! परत कधी देतील?

सावळीराम: देतील. सावकाश देतील.

बायडाबाई: मग अशी गोणपाटात नका नेऊ. नवी खोळ शिवलीया मी. रूपालीनं दोरा ओवून दिला, टाके मीच घातले, जमतील तसे. जुनी पार कुजली होती पाण्यानं. ही बघा, माझ्या हिरव्या लुगड्याची. आवडली का?

सावळीराम: लय चांगली झाली.

बायडाबाई: थांबा थांबा, लगीच नका घालू. कुंकू ओलं हाय अजून, खोळीला लागंल.

सावळीराम: लागू दे.